अनधिकृत रहिवाशांची संख्या : वजाबाकीची रीत

ज्यांची नोंद कोणत्याही दप्तरी नाही, त्यांची संख्या कशी ठरवावी? अमेरिकेत १९७० च्या दशकात अनधिकृत स्थलांतरितांचा आकडा १ कोटी २० लाखांपर्यंत सांगितला जाई. त्यामागे पद्धतशीर मोजणी नव्हती. पुढे रॉबर्ट वॉरन व जेफ्री पॅसेल यांनी १९८० च्या जनगणनेत आढळलेल्या परकीय नागरिकांच्या संख्येतून कायदेशीर परवानगी असलेल्यांची संख्या वजा केली. बाकी सुमारे २० लाख ६० हजार उरली. हा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला.

तथापि, भीतीपोटी गणकास दार न उघडणारी कुटुंबे या बाकीतही येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी भर धरावी लागते. म्हणूनच आकडा वाचताना भर किती धरली, हेही पाहणे अगत्याचे आहे. शाळा व दवाखान्यांचे नियोजन त्यावरच अवलंबून असते.