जस्ती पत्र्यावरील रंग कसा टिकवावा

गोठा, पंपघर, खताची खोली, इतकेच काय पण पावसाळी पन्हळसुद्धा आज जस्ती पत्र्याचीच असते. हे पत्रे अधिक वर्षे टिकावेत म्हणून शेतकरी त्यांस रंग देतात. परंतु हा रंग एक-दोन पावसाळ्यांतच सुटून पडतो, अशी तक्रार सर्वत्र, विशेषतः कोकणपट्टीत, ऐकू येते. दोष रंगाच्या डब्यास अथवा रंगाऱ्यास दिला जातो. बहुधा तो दोष तयारीचा व चुकीच्या अस्तराचा असतो.

प्रस्तुत लेखकानेही ही चूक केली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी रत्नागिरी जिल्ह्यातील एका शेतकऱ्यास, लोखंडास देतात तोच रेड ऑक्साइडचा हात व त्यावर ऑइल पेंट गोठ्याच्या नव्या पत्र्यांस द्यावा, असा सल्ला आम्ही दिला. आंब्याच्या पैशांतून त्यांनी तो खर्च केला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाहावयास गेलो, तो रंग कांद्याच्या पापुद्र्याप्रमाणे हाताने सोलून निघत होता आणि खालचा पत्रा मात्र चकचकीत, गंजाचा डागही नसलेला. "साहेब, रंग दिला नसता तरी चाललं असतं," असे ते म्हणाले. ते खरेच होते.

असे का घडते? तेल व कॉस्टिक सोडा यांच्या संयोगाने साबण होतो, हे सर्वांस ठाऊक आहे. तेलाचा रंग जस्तावर दिला असता दमटपणामुळे असाच प्रकार घडतो. जस्ताच्या पृष्ठभागावर होणारे क्षारधर्मी पदार्थ रंगातील तेलाशी संयोग पावतात व पत्रा आणि रंग यांच्यामध्ये जस्ताच्या साबणाचा ठिसूळ थर तयार होतो. रंग वरून उत्तम दिसतो, पण त्याची पकड सुटलेली असते. म्हणून जस्तावर प्रत्यक्ष तेलाचा रंग, अथवा लोखंडासाठीचे नेहमीचे रेड ऑक्साइड, देऊ नये.

दुसरे कारण म्हणजे नव्या पत्र्यावरील तेलाचा अथवा रासायनिक द्रव्याचा पातळ लेप. साठवणीत पत्रा खराब होऊ नये म्हणून तो कारखान्यात दिलेला असतो. त्यावर कोणताच रंग नीट धरत नाही. यास्तव नव्या पत्र्यावरून एक, शक्य तर दोन पावसाळे जाऊ द्यावेत. पृष्ठभाग निस्तेज व किंचित खरखरीत झाला की रंगास पकड मिळते. देशावरील कोरड्या भागात तर रंगाची घाई करण्याचे कारणच नाही.

रंगकाम हिवाळ्यात काढावे. प्रथम पत्रा कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्याने, नायलॉनच्या ब्रशाने घासून गोड्या पाण्याने दोनदा धुवावा. समुद्रकाठी वाऱ्याबरोबर आलेले मीठ व गोठ्यात गोमूत्राची वाफ यांचा अंश राहता कामा नये. ओले पत्रे एकावर एक रचल्याने आलेली पांढरी भुकटीही याच वेळी काढावी. तारेचा ब्रश मात्र वापरू नये. चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त असलेल्या पत्र्यावरही एका बाजूचा थर सुमारे २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग, इतकाच असतो. लोखंडाचे खरे रक्षण तोच करतो. तो खरवडून रंग देणे म्हणजे कुंपण मोडून राखणदार ठेवण्यासारखे आहे. व्हिनेगर अथवा ॲसिड फिरविण्यानेही जस्तच झिजते.

धुतल्यावर पत्र्यावर पाणी शिंपडून पाहावे. ते सलग पसरले तर पत्रा स्वच्छ झाला. थेंब थेंब होऊन राहिले तर तेल शिल्लक आहे, पुन्हा धुवावे. जेथे तांबडा गंज दिसेल तेवढाच भाग खरवडून त्यावर जस्तयुक्त प्रायमर लावावा.

अस्तर म्हणून जस्ती पत्र्यासाठी असे डब्यावर स्पष्ट लिहिलेला ॲक्रिलिक किंवा एपॉक्सी प्रायमर घ्यावा. दव वाळल्यावर, पण पत्रा तापण्यापूर्वी, तो पातळ लावावा. त्यावर बाहेरच्या कामाचा ॲक्रिलिक रंग दोन हात द्यावा. सर्व छपरास हात घालण्याआधी एक कोपरा रंगवून आठवडाभराने पात्याने आडव्या-उभ्या रेघा पाडाव्यात व चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढावी. रंग पट्टीबरोबर आला, तर काम तेथेच थांबवावे. छपरावर काम करताना पत्र्यावर उभे न राहता वाशांवर फळी टाकावी.

जुना सुटणारा रंग काढताना एक दक्षता अवश्य घ्यावी. भारतात २०१७ पासून घरगुती रंगांत दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे असण्यास बंदी आहे. परंतु त्यापूर्वीच्या रंगात, शेंदुरी अस्तरात तर हमखास, शिसे असू शकते. त्याचे पापुद्रे जनावरांनी चाटल्यास विषबाधा होते. म्हणून गुरे व मुले दूर ठेवून, पत्रा ओला करून खरवडावे आणि पडलेला रंग गोळा करून वेगळा ठेवावा. तो शेणखताच्या खड्ड्यात टाकू नये अथवा जाळू नये.

धान्याची कोठी बाहेरून रंगविण्यास हरकत नाही. आतून रंग देऊ नये.