धबधबा, खिळा आणि बाबांची स्कूटर

अगं मने,

काल रात्री पावणेबाराला फोन वाजला आणि माझ्या पोटात गोळाच आला. आपल्या घरात इतक्या उशिरा फोन येतो तो काहीतरी वाईट झाल्याचाच. आणि तू काय सांगतेस, तर रूममेटशी बोलणं बंद. कशावरून? धबधब्यावरून! मी अर्धवट झोपेत विचारत होते, कोण पडलं गं धबधब्यात?

सकाळी चहा पोटात गेल्यावर कुठे उलगडा झाला. शनिवारी तुम्ही दोघींनी ‘अ क्वायट प्लेस’ पाहिला. त्यातले राक्षस आंधळे, पण कान असे तिखट की जरा खुट्ट झालं की झडप. म्हणून ते कुटुंब अनवाणी चालतं, वाटांवर वाळू पसरतं, खुणांनी बोलतं. मध्येच बाप मुलाला धबधब्यापाशी नेतो आणि दाखवतो की इथे मोठ्याने ओरडलं तरी चालतं, पाण्याच्या आवाजात आपला आवाज बुडून जातो. झालं! तू सिनेमा पॉज केलास आणि म्हणालीस, “मग मूर्खांनो, राहा ना इथेच!” ती म्हणाली, तुला प्रतीकं कळत नाहीत. तू म्हणालीस, प्रतीक म्हणजे आळशी लेखकाने अंगावर ओढलेलं पांघरूण. मग दारं आपटली. आवाज केला की मरण, असा सिनेमा बघून दारं आपटलीत, धन्य आहे तुमची.

हे बघ, धबधब्याचा प्रश्न काही तुझ्या एकटीचा नाही. सिनेमा 2018चा, तेव्हापासून लोक त्यावर भांडताहेत. उत्तरंही तयार आहेत. तिथे शेत कुठलं, धान्य कुठे साठवणार, ओलीत बाळंतपण कसं करणार? आणि आपला आवाज राक्षसाला ऐकू जात नाही, तसा राक्षसाचा आपल्यालाही येणार नाही. हे शेवटचं मला पटतं. पण खरं सांगू? ही ठिगळं प्रेक्षकांनी घरी बसून शिवलीत, सिनेमाने दिलेली नाहीत. म्हणजे तुझी तक्रार अगदीच खोटी नाही.

पण खिळ्याबद्दल तू काहीच बोलली नाहीस, याचं मला नवल वाटलं. त्यातली आई कपड्यांचं गाठोडं जिन्यावरून ओढत आणते, ते अडकतं, ती हिसका देते आणि पायरीवर एक खिळा टोक वर करून उभा राहतो. पुढे ती पोटुशी बाई एकटी घरात असताना तिचं पाणी जातं आणि ती नेमकी त्याच खिळ्यावर पाय देते. तोंडातून हूं की चूं काढायची सोय नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्यातली घर चालवणारी बाई जागी झाली. अगं, वाकून बघ ना काय अडकलं ते! हातोडी मारली तर आवाज होईल, कबूल. पण पक्कड? तीही नको, नुसतं एक फडकं तरी गुंडाळ. मग दोन दिवसांनी कांदा चिरताना लक्षात आलं की खिळा मला दिसला होता, तिला नाही. तिला फक्त गाठोडं अडकल्याचं कळलं. हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बची गोष्ट सांगायचा, ती हीच. बॉम्ब प्रेक्षकाला दाखवायचा, टेबलाशी बसलेल्यांना नाही. ती माणसं निवांत गप्पा मारत बसतात आणि आपण खुर्चीत तळमळतो. त्या तळमळीलाच नंतर आपण ‘काही लॉजिकच नाही’ असं नाव देतो.

हिचकॉकचीच आणखी एक गंमत. त्याच्या ‘व्हर्टिगो’त (1958) नायक एका बाईच्या मागावर असतो. ती हॉटेलात शिरते, वरच्या खिडकीत त्याला दिसते. तो आत जातो तर मालकीण म्हणते, आज ती आलीच नाही. वर जाऊन पाहतो तर खोली रिकामी, आणि बाहेर तिची गाडीही गायब. ती गेली कुठून, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. हिचकॉकचं म्हणणं असं की हा प्रश्न माणसाला घरी गेल्यावर, रात्री फ्रिज उघडून काहीबाही खाताना पडावा. थिएटरात नाही पडला म्हणजे आपलं काम झालं. तेव्हा माझा पहिला सल्ला एवढाच की भोक दिसलं तर आधी ते कधी दिसलं ते बघ. फ्रिजपाशी दिसलं असेल तर सिनेमाने तुला तोवर धरून ठेवलं होतं. आणि बघता बघताच दिसलं असेल, तर एक तर सिनेमाचा हात सुटला, नाहीतर तू सोडवून घेतलास. या दुसऱ्याकडे मी पुढे येणार आहे.

आपल्या आजीची चकव्याची गोष्ट आठवते? काका आठवड्याच्या बाजारातून परतताना त्यांना चकवा लागतो आणि पहाटेपर्यंत ते एकाच बांधाभोवती फिरत राहतात. तू पाच वर्षांची असशील. तू विचारायचीस, “कंदील नव्हता का?” आजी सुपारी कातरता कातरता म्हणायची, “होता, पण वारा सुटला.” “मग काडेपेटी?” “ओली झाली.” “पाऊस कधी आला?” “तू मध्ये बोललीस तेव्हा!” तोंडी गोष्टीला ही सोय असते, भोक पडलं की सांगणारी तिथल्या तिथे टाका घालते. सिनेमा एकदा कापून जोडला की तुझ्या प्रश्नाला ढिम्म उत्तर देत नाही. मग ते शेजारी बसलेल्या रूममेटला द्यावं लागतं, आणि ती बिचारी काही आजी नाही.

आता तुझं ते पांघरूण. कधी कधी ते खरंच असतं गं. जॉर्डन पीलचा ‘अस’ (2019) घे. जमिनीखालच्या बोगद्यांत माणसांच्या हुबेहूब प्रतिकृती कोंडलेल्या. वरचा जे करील ते खालच्याला करावं लागतं, पण वरच्याला मेजवानी आणि खालच्याला कच्चा ससा. एके रात्री ते लाल कपडे घालून, कात्र्या घेऊन वर येतात. अर्थ लख्ख आहे, आपलं सुख कुणाच्या तरी डोक्यावर उभं आहे. नावातच ‘आपण’ही आहे आणि अमेरिकाही. 1986मध्ये अमेरिकेत भुकेल्यांसाठी आणि बेघरांसाठी लोकांनी हातात हात घालून माणसांची लांबच लांब साखळी केली होती, ती खालची माणसं पुन्हा करून दाखवतात. इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. मग सिनेमाला काय अवदसा आठवली कोण जाणे, खालचीच एक बाई एका वर्गात उभी राहून सगळं समजावून सांगू लागते. फसलेला प्रयोग, वाऱ्यावर सोडलेली माणसं. आणि माझ्या डोक्यात धडाधड सुरू! इतके कपडे शिवले कुणी? कात्र्या आल्या कुठून? वरचा विमानात बसला तर खालचा काय करतो? जोवर ते वाईट स्वप्न होतं तोवर मी मुकाट होते. खुलासा दिलास ना, मग आता पावतीही दाखव!

‘तुंबाड’मध्ये मला हे झालं नाही. सिनेमा हिंदी, पण मूळ आपल्याकडचं. दिग्दर्शक राही बर्वेने नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून नारायण धारपांची गोष्ट ऐकली, तिथून ते बी पडलं. त्यातला हस्तर देवीचं सगळं सोनं घेतो, पण धान्याला हात घालायला जातो तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडतात. म्हणून त्याच्यापाशी सोनं अमाप आणि पोटात आग. म्हणून त्याला भुलवायला कणकेची बाहुली. लोभ आणि भूक हा सिनेमाचा अर्थ, आणि सोन्यासाठी हस्तरच्या विहिरीत उतरायचा नियमही तोच. दोन्ही एकाच पिठाचे. आणि तू पॉज करून जो प्रश्न विचारला असतास, की चार-चार मोहरा कसल्या काढता, हस्तरचं मोहरांनी भरलेलं सगळं लंगोटच का पळवत नाही, तो तिथे मोहरा काढणाऱ्या विनायकचा पोरगाच सुचवतो. जास्त वेळ मिळावा म्हणून खूप बाहुल्या घेऊन जातात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर! आपली हुशारी त्या पोराच्या तोंडी घालून सिनेमाने तिचाच सापळा केला. मी तर टाळी वाजवली होती.

बरं, आता ते ‘सोडवून घेतलास’चं. हे मी तुला कधी सांगितलेलं नाही.

बाबांचं वर्षश्राद्ध झालं त्या आठवड्यात मी एका मैत्रिणीकडे ‘द बाबाडूक’ पाहिला. जेनिफर केंटचा, ऑस्ट्रेलियातला, 2014चा. अमीलिया नावाची बाई बाळंतपणासाठी नवऱ्याबरोबर दवाखान्यात निघालेली असताना गाडीला अपघात होतो आणि नवरा जातो. मुलाचा वाढदिवस आणि बापाचा मृत्यू एकाच तारखेला, म्हणून त्या दिवशी वाढदिवस कधी करायचाच नाही. मुलगा सहा वर्षांचा झाला तरी ती त्याच्या बापाचं नाव काढू देत नाही. आणि एके रात्री घरातल्या फळीवर एक पुस्तक सापडतं, काळ्या टोपीतल्या लांब बोटांच्या बाबाडूकचं. ती ते फाडते, तर ते परत चिकटवलेलं दाराशी येतं. जाळते, तरी सुटका नाही.

सिनेमा संपल्यावर मी तासभर भांडले. पुस्तक आलं कुठून? छापलं कुणी? दारात ठेवलं कुणी? शेजारची म्हातारी एवढी चांगली, तिच्याकडे का जात नाही? मैत्रीण शांतपणे म्हणाली, “अगं, ते दुःखाचं प्रतीक आहे.” माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, आणि पर्स उचलून निघाले. घरी दिवा लावून झोपले. आता सांग, नुसतं प्रतीक असतं तर दिवा कशाला लागला असता?

काही महिन्यांनी एकटीने परत पाहिला. तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. भाचीच्या वाढदिवसाच्या पार्टीत ती बाई सहज बोलून जाते की ती पूर्वी लिहायची, मुलांसाठीही. आणि पोलिसांकडे तक्रार करायला जाते तेव्हा तिचे हात मळलेले असतात, चित्र काढणाऱ्याचे मळतात तसे. पुस्तक तिनेच केलं, असं सिनेमा ठासून सांगत नाही. पण ज्या प्रश्नावर मी तासभर घसा कोरडा केला होता, त्याचं उत्तर समोर ठेवलेलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. मला ते बघायचंच नव्हतं मने. मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं, आणि ‘यात लॉजिक नाही’ हे सगळ्यांत जवळचं दार होतं.

आणि हो, मैत्रिणीचंही मला आज पूर्ण पटत नाही. ‘दुःखाचं प्रतीक’ म्हटलं की सगळं कसं लोणच्यासारखं बरणीत बंद होतं, वर चिठ्ठी लावली की झालं. तीही पळवाटच, फक्त जरा शिकल्यासवरल्या माणसाची. तुझी रूममेट प्रतीक म्हणाली तेव्हा ती कशापासून पळत होती, हे मला कसं कळणार? ‘अ क्वायट प्लेस’मधल्या आईबापांचं धाकटं पोर सुरुवातीलाच डोळ्यांदेखत जातं, तरी ते आणखी एक मूल जन्माला घालतात. हा मला धबधब्यापेक्षा मोठा प्रश्न वाटतो. विचार तिला एकदा, तिचं काय म्हणणं. पॉज न करता विचार. आणि आधी तू बोल, तू मोठी म्हणून नव्हे, रिमोट तुझ्या हातात होता म्हणून.

‘बाबाडूक’चा शेवट तुला सांगून टाकते, रागावू नकोस. ती त्याला हरवते, पण तो जात नाही. तळघरात राहतो. मुलाचा वाढदिवस पहिल्यांदाच त्याच तारखेला होतो, आणि अंगणातली गांडुळं वाटीत घेऊन ती खाली जाते, त्याला खाऊ घालायला. यावरही मी भांडले होते. हरवलाय ना, मग पोसता कशाला?

तू मागच्या महिन्यात विचारलंस, बाबांची स्कूटर विकून का टाकत नाही, उगाच पेट्रोल जातं. मी काही बोलले नाही. तू पुण्यात असतेस, तुला दिसत नाही. दर रविवारी आई खाली उतरते, सीटवरून फडकं फिरवते, किक मारते, पाच मिनिटं तशीच उभ्या उभ्या चालू ठेवते आणि बंद करून वर येते. तिला चालवता येत नाही, हे तुला माहीतच आहे.

या रविवारी साताऱ्याला येतेस ना? आईचा गुडघा सुजलाय. किक तू मार.

तुझी,
ताई