कोर्टाची परवानगी आणली तर?

प्रश्न : पुतणी 17 वर्षांची आहे. स्थळ चांगलं आलंय. आई-वडिलांची संमती आहे. कोर्टातून परवानगी काढून लग्न लावता येईल का?

उत्तर : नाही. 2006च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात अशा परवानगीची सोयच नाही, आणि नाही तेच बरं. इंग्लंड-वेल्समध्ये सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची लग्नं पालकांच्या संमतीने होत. ती पळवाट फेब्रुवारी 2023मध्ये बंद झाली. अमेरिकेत डेलावेअरने 2018मध्येच सगळे अपवाद काढून टाकले. लग्नाची घाई बहुधा पालकांनाच असते. मग त्यांच्याच सहीने मुलीचं रक्षण कसं व्हायचं? लग्न लावलंत तर आई-वडिलांवरच काय, भटजींवरही गुन्हा दाखल होतो. पत्रिका छापून झाल्या असल्या तरी थांबवा. घरचे ऐकत नसतील तर ग्रामसेवकाला कळवा किंवा 1098वर फोन करा.