फिरता कामगार आणि थांबलेला दवाखाना

पहाटे कुडाळच्या स्टेशनावर उभे राहून पाहा. मुंबईहून गाडी येते. चाकरमानी पिशव्या सांभाळत उतरतात. त्याच फलाटावर कोणी गोव्याला कामावर जायला थांबलेला असतो. हमरस्त्यावर ट्रक रात्रंदिवस धावतात. मालवण-देवगडच्या बंदरांत बोटींवर परमुलखातले खलाशी दिसतात. चिरेखाणींवर कर्नाटकातून आलेली कुटुंबे राबतात. आंब्याच्या बागा राखायला नेपाळातून माणसे येतात.

आपला सिंधुदुर्ग जिल्हा माणसे बाहेर धाडतो आणि बाहेरची माणसे इथे येतात. यात नवे काही नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या काळापासून कोकणातल्या कितीतरी चुली मनिऑर्डरीवर पेटल्या. पोट माणसाला फिरवते.

अशा फिरत्या माणसांच्या आरोग्याविषयी हा पाठ आहे, आणि त्यातही एका रोगाविषयी. त्याचे नाव एचआयव्ही. हे नाव निघाले की लोक आवाज खाली करतात. आपण तो खाली करू नये. हळू बोलल्याने रोग जात नाही, फक्त माहिती जाते.

रोग काय आहे?

एचआयव्ही हा अतिशय सूक्ष्म विषाणू आहे. आपल्या शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. हा विषाणू त्यांचाच नाश करतो. औषध मिळाले नाही तर काही वर्षांनी शरीर दुबळे होते. मग क्षय आणि इतर रोग जोर करतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात.

आपल्या देशात हा विषाणू १९८६ साली चेन्नईत प्रथम आढळला. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी तो शोधून काढला. १९९२ साली सरकारने देशभराचा एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. २०२३ सालच्या सरकारी अंदाजाप्रमाणे देशात सुमारे २५ लाख लोक या विषाणूसह जगत होते.

तो चार वाटांनी पसरतो. निरोध न वापरता केलेला शरीरसंबंध ही पहिली वाट. बाधित रक्त ही दुसरी. एकाने वापरलेली सुई दुसऱ्याने वापरणे ही तिसरी. बाधित आईकडून बाळाकडे, गरोदरपणात, बाळंतपणात किंवा दुधातून, ही चौथी.

एका ताटात जेवल्याने तो होत नाही. हात धरल्याने, खोकल्याने, डास चावल्याने, एकच संडास वापरल्यानेही होत नाही.

फिरणे हा रोग नव्हे

काही लोक म्हणतात, ‘ड्रायव्हर, खलाशी, परगावचे मजूर, हेच रोग आणतात.’ हे बोलणे चुकीचे आहे. विषाणू माणसाचा धंदा विचारत नाही. मग फिरत्या कामगाराला धोका जास्त का म्हणतात?

त्याचे दिवस डोळ्यांपुढे आणा. महिनोन्‌महिने तो घरापासून दूर असतो. एका खोलीत दहा जण झोपतात. पगार एकदम हाती येतो. जवळ जाब विचारणारे कोणी नाही, तसे मायेने विचारणारेही कोणी नाही. थकवा आणि एकटेपणा घालवायला दारू समोर येते. नशेत सावधपणा सुटतो. गुप्तरोग झाला तर परक्या गावात कोणाला सांगायचे? भाषा वेगळी, ओळख नाही. माणूस दुखणे अंगावर काढतो. गुप्तरोगाच्या जखमेतून एचआयव्हीला वाट सोपी होते.

म्हणजे दोष प्रवासाचा नाही. प्रवासात माणसाला जसे जगावे लागते, त्या जगण्यात धोका आहे.

घरी राहिलेल्या बाईचे काय?

पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. त्यांत ३९१ स्त्रिया देहविक्रय न करणाऱ्या होत्या. त्यांपैकी शंभरांत जवळजवळ १४ जणींना एचआयव्हीची बाधा निघाली. यांतल्या बहुतेकींचा संबंध फक्त स्वतःच्या नवऱ्याशी आलेला होता.

हा आकडा नीट वाचा. शंभरांत चौदा हे प्रमाण पुण्यातल्या सगळ्या बायकांचे नव्हे. या स्त्रिया आधीच काही त्रास झाल्याने दवाखान्यात आलेल्या होत्या. पण एक गोष्ट उघड झाली. ‘आपण घरंदाज, आपल्याला काय होणार?’ हे म्हणणे खरे नाही. घरी बसलेल्या बाईलाही माहिती हवी, आणि तपासणी हवी.

भीतीने काय होते?

१९९७ सालचीच एक गोष्ट सांगतो. आम्ही तेव्हा एका खेड्यातल्या शाळेत शिक्षक होतो. गावचा एक ड्रायव्हर मुंबईहून आजारी होऊन आला आणि दोन महिन्यांत वारला. गावात कुजबुज सुरू झाली. त्याचा मुलगा आमच्या वर्गात होता. चार पालक शाळेत आले. म्हणाले, ‘गुरुजी, तेका वेगळो बसवा.’

आम्ही त्याला दाराजवळ वेगळ्या पाटावर बसवले. त्याला रोग होता की नव्हता, हे आम्हांला ठाऊक नव्हते. असता, तरी वेगळे बसवायला काहीच कारण नव्हते. चौथ्या दिवशी तो आला नाही. पुढे कळले, आई त्याला घेऊन माहेरी गेली. त्या बाईला ‘तू तपासून घे’ असे कोणी सांगितले नाही. आम्हीही सांगितले नाही.

अज्ञान आमचे होते. शिक्षा त्या दोघांना झाली. ज्या गावात असे वागतात, त्या गावातला माणूस दवाखान्याची पायरी कशाला चढेल?

पाहणी कशी करतात?

रोग किती आहे हे मोजल्याशिवाय सोय करता येत नाही. पण फिरत्या माणसाला मोजणे अवघड असते. घरोघर जाऊन विचारले तर तो घरी सापडत नाही. कामाच्या गावी विचारले तर तिथल्या यादीत त्याचे नाव नसते. दोन्हीकडच्या वहीतून तो सुटतो. ज्याला मोजलेच नाही, त्याची सोय कोण करणार?

म्हणून पाहणी करणारे लोक तो जिथे थांबतो तिथे जातात. मजुरांचा नाका, मासळीचे बंदर, ट्रकचा तळ अशा जागांचा आधी नकाशा करतात. कोणत्या वेळी किती माणसे असतात ते पाहतात. मग निवडून काहींना विचारतात.

चांगल्या पाहणीचे नियम आहेत. काय विचारणार आणि कशासाठी, हे आधी सांगायचे. माणूस ‘हो’ म्हणाला तरच पुढे जायचे. बोलणे एकांतात करायचे, मुकादमासमोर किंवा मालकासमोर नाही. मिळालेली माहिती कोणाच्या नावाने उघड करायची नाही. आणि प्रश्न दोष काढणारे नसावेत. ‘तू वाईट चालीचा आहेस का?’ असे विचारले तर कोण खरे सांगेल? ‘किती दिवस घराबाहेर असता? ताप आला तर कुठे जाता? निरोध कुठे मिळतो?’ असे विचारले तर माणूस बोलतो.

देवगडच्या बंदरावर आम्ही एका खलाशाला दवाखान्याविषयी सहज विचारले होते. तो हसून म्हणाला, ‘दवाखानो उघडता तेव्हा बोट दर्यार. बोट बंदराक लागता तेव्हा दवाखानो बंद. मग आमी जातलंव खंय?’

सगळ्या पाहणीचे सार त्याच्या या तीन वाक्यांत आहे. माणूस फिरता आहे आणि दवाखाना थांबलेला आहे.

दवाखाना माणसाकडे गेला

हे ओळखून काही ठिकाणी काम झाले. २००३ साली गेट्स फाउंडेशनच्या पैशाने ‘आवाहन’ हा कार्यक्रम सहा राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्र त्यांतले एक. त्यात ट्रकचालकांसाठी महामार्गांवर ‘खुशी’ नावाचे दवाखाने काढले. ट्रक मालासाठी जिथे जास्त वेळ थांबतो, तिथेच ड्रायव्हरला दवाखान्यात यायला सवड मिळते, हे अनुभवाने कळले. म्हणून मोठ्या मालतळांवर भर दिला. पुढे ‘आवाहन’चे काम टप्प्याटप्प्याने सरकारकडे गेले.

सांगलीत १९९२ साली ‘संग्राम’ संस्थेचे काम सुरू झाले. तिथे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनीच आपल्या मैत्रिणींना माहिती दिली आणि निरोध वाटले. ज्याच्यावर वेळ आली आहे, त्याच्याच तोंडून सांगितलेले लवकर पटते. खलाशांना खलाशाने सांगावे, चिरेखाणीवरच्या बाईला तिच्याच भाषेत दुसऱ्या बाईने सांगावे.

औषध आहे, पण ते तुटू नये

आमच्या त्या ड्रायव्हरच्या वेळी गरिबाच्या हाती औषध नव्हते. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटी नावाचे औषध फुकट द्यायला सुरुवात केली. २०१७ पासून बाधा निघाली की लगेच औषध सुरू करतात. आता बहुतेकांना दिवसातून एकच गोळी पुरते. नेमाने घेतली तर माणूस वर्षानुवर्षे काम करतो, संसार करतो. रक्तातला विषाणू तपासणीत दिसू नये इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. बाधित आईला वेळेवर औषध मिळाले तर बाळ बहुधा निरोगी निघते.

पण ही गोळी जन्मभर घ्यायची असते. मध्येच तुटली तर विषाणू पुन्हा जोर धरतो. पुढे तेच औषध लागू न पडण्याचाही धोका असतो. फिरत्या कामगाराची खरी कसोटी इथे आहे. बोट आठ दिवस लांबली, मुकादमाने रजा दिली नाही, काम दुसऱ्या जिल्ह्यात लागले, की गोळी तुटते. पुष्कळ जण डबी लपवतात आणि लपवता लपवता गोळी विसरतात.

म्हणून निघण्यापूर्वी केंद्रात सांगावे, ‘मी इतके दिवस बाहेर आहे.’ प्रकृती स्थिर असेल तर एकदम अधिक दिवसांचे औषध मिळू शकते. कायमचे दुसरीकडे जायचे असेल तर तिथल्या केंद्रात नाव बदलून घेता येते. उपचाराची पुस्तिका नेहमी जवळ ठेवावी. वाटेत गोळ्या संपल्या तर ती पुस्तिका घेऊन जवळच्या एआरटी केंद्रात जावे.

आपल्याकडे ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी फुकट होते. संशयाची गोष्ट नुकतीच घडली असेल तर तपासणीत बाधा लगेच दिसत नाही. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी येतात. त्या सुट्टीतला एक दिवस नवरा-बायकोने मिळून यासाठी द्यावा.

कायदा काय म्हणतो?

एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीवाचून तपासणी करता येत नाही. कोणाचे नाव फोडता येत नाही. या रोगामुळे कोणाला नोकरीवरून काढणे, शाळेतून घालवणे, दवाखान्यातून परत पाठवणे हे कायद्याविरुद्ध आहे. आमच्या वर्गातला दाराजवळचा तो पाट आज कायद्यानेही चूक ठरला असता. माणुसकीने तो तेव्हाही चूकच होता.

ध्यानात ठेवा

१. फिरणाऱ्या माणसाला दोष देऊ नका. त्याला माहिती द्या.
२. निरोध वापरणे ही लाज नव्हे, काळजी आहे.
३. तपासणी फुकट आहे आणि गुप्त ठेवतात.
४. गोळी एक दिवसही चुकवू नका.
५. शंका असेल तर १०९७ या क्रमांकावर फोन करा. तो फुकट लागतो.

विचार करा

तुमच्या घरातले किंवा वाडीतले कोण कोण बाहेरगावी कामाला आहे? तिथे आजारी पडले तर ते कुठे जातात? हे तुम्ही त्यांना कधी विचारले आहे का? आता तुम्हांला लिहिता येते. आज एक पत्र लिहा आणि विचारा.