कधीपासून होती गाठ?

काष्टीच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात गाय घ्यायला आलेला माणूस दात, शिंगं बघेल न बघेल, पण कास चाचपल्याशिवाय पुढचं बोलत नाही. चारही सड दाबून पाहतो आणि एका बाजूला टणक लागलं की सौदा तिथंच मोडतो. घरी हे काम बहुतेक बाईकडे असतं. धारेला बसल्यावर ती पहिली धार वेगळी काढते. त्यात गुठळी दिसली किंवा कास गरम लागली, तर दूध डेअरीला जायच्या आत जनावरांच्या डॉक्टरला फोन जातो. बाईची तुलना गाईशी करू नये, हे मला कळतं. मी तुलना करतेय ती फोनची. त्याच बोटांना स्वतःच्या छातीत गाठ लागते तेव्हा हा फोन महिनोन्‌महिने जात नाही.

स्तनाच्या कर्करोगानं गेलेल्या मैत्रिणीची आठवण आपण काढतो ती कशी? दहाव्याला, वर्षश्राद्धाला, पाण्याच्या टाकीवर, शब्द ठरलेले असतात: फार सोसलं बिचारीनं, शेवटपर्यंत हसत होती, चांगली माणसं देवालाही लागतात. आजाराचं नावसुद्धा निघत नाही. 'त्या गाठीनं गेली' एवढ्यावर भागतं. या आठवणीत माया खरी असते, पण तारखा गळून पडलेल्या असतात. गाठ हाताला कधी लागली, पहिल्यांदा कुणाला सांगितली, डॉक्टरला कधी दाखवली आणि सुईची तपासणी कधी झाली, या चार तारखा आठवणीसोबत सांगितल्या जाव्यात असं माझं म्हणणं आहे. ऐकणाऱ्या दहा बायकांत एखादी अशी असू शकते, जिची पहिली तारीख येऊन गेलीय आणि दुसरी अजून यायचीय.

नुसतं बोलून काय होतं, असं कुणी विचारेल. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते. नोंदीसाठी गावोगाव फिरणारी माणसं जाता जाता लोकांना लक्षणं सांगत गेली, आणि काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्याचं दिसलं. हा वेगळा अवयव आहे, मान्य. पण लाज तीच आणि गावंही आपल्यासारखीच. स्तनाबद्दलचा पुरावा मुंबईचा आहे. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून तिथल्या दीड लाखाहून जास्त बायकांचा वीस वर्षं मागोवा घेतला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासणी केली, मॅमोग्राफी न वापरता. तिथं रोग आधीच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या कर्करोगानं होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. काष्टीत मोठं यंत्र नाही म्हणून काही करता येत नाही, ही तक्रार या आकड्यांपुढं लंगडी पडते. तिशीपुढच्या बायकांची अशी तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे. आशाताईला विचारायचा अवकाश.

याच्या उलट बोलणारा पुरावाही आहे. शांघायच्या कापडगिरण्यांतल्या सुमारे २ लाख ६६ हजार बायकांवरच्या अभ्यासाचा निकाल २००२ साली आला. दर महिन्याला स्वतःचे स्तन कसे तपासायचे हे शिकवूनही मृत्यू कमी झाले नव्हते. साध्या गाठींवरच्या तपासण्या तेवढ्या वाढल्या. म्हणून मी कुणाला महिन्याचं व्रत सांगत नाही. अंघोळीच्या वेळी, पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी, बोटांच्या सपाट पेरांनी चाचपून आपलं शरीर ओळखीचं ठेवावं, इतकंच. पण लागलेली गाठ लपवून ठेवा, असं शांघायनं कुठं म्हटलंय? बहुतेक गाठी साध्याच निघतात. ती साधी आहे हे मात्र ठरवायचं तपासणीनं, 'दुखत नाही ना, मग काही नसेल' या हिशेबानं नव्हे. हाच हिशेब सगळ्यात जास्त फसवतो, कारण कर्करोगाची गाठ सुरुवातीला सहसा दुखतच नाही. काखेत गाठ, कातडीला खळी पडणं किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणं, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्ताळ पाणी येणं, बोंडावरची न भरणारी जखम, यांतलं काही दिसलं तर तेही शल्यचिकित्सकाला दाखवायचं.

तारखा सांगणं म्हणजे मेलेल्या बाईवर ठपका ठेवणं, हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. पण तारखा मांडल्या की बहुधा दिसतं ते असं, की गेलेले महिने एकटीचे नव्हते. काही 'दुधाची गाठ आहे' म्हणून दिलेल्या गोळ्यांत गेले, काही उसाची तोड उरकेपर्यंत, काही लेकीच्या लग्नापर्यंत, काही लेप लावण्यात. तारखा झाकल्या तर दोष नशिबाकडे जातो आणि बाकीचे सुटतात. जागतिक आरोग्य संघटनेनं डॉक्टरला दाखवल्यापासून निदानापर्यंत ६० दिवसांची मर्यादा घातली आहे. भारतात २०२२ साली या कर्करोगाचे नवे रुग्ण सुमारे १ लाख ९२ हजार आणि मृत्यू सुमारे ९८ हजार होते, असा अंदाज आहे. एवढे मृत्यू नशिबाच्या खात्यावर टाकायचे?

'सुई लावली की पसरतो' हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून हमखास येतं. सुईनं तुकडा घेतल्यानं आजार वाढत नाही; उशिरा आलेल्या बाईला सुई लागते आणि पुढं ती जाते, म्हणून लोक दोन्हींची गाठ मारतात. उलट 'आधी गाठ काढून टाकू, मग बघू' म्हणणाऱ्याला थांबवावं. तुकड्याचा अहवाल आल्यावरच आधी औषध की आधी शस्त्रक्रिया हे ठरतं. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचं, अहवालांच्या झेरॉक्स घरी ठेवायच्या.

पैशाआधी सोबत अडवते. नवरा कारखान्यावर पाळीला, सून माहेरी, आणि गोठा काही बंद ठेवता येत नाही. म्हणून 'जाऊन ये गं' म्हणणाऱ्या मैत्रिणीचा फारसा उपयोग नसतो. 'मंगळवारी मी येते तुझ्यासोबत' म्हणावं, आणि दोन वेळच्या धारेचं शेजारणीला आदल्या रात्रीच सांगून ठेवावं.