पिकअपचा सायलेन्सर: कधी बदलायचा, कसला घ्यायचा आणि हिशोब कसा लावायचा

टायरनंतर आज आपण सायलेन्सरकडे वळतोय. तुमच्या दुकानाची डिलिव्हरी पिकअपवर चालत असेल, मग ती बोलेरो पिकअप असो, इन्ट्रा असो की दोस्त, तर हा भाग तुमच्यासाठी आहे. व्हिडिओत गाडीखाली जाऊन दाखवलंय. इथे तेच लिहून देतोय, म्हणजे गॅरेजमध्ये मोबाइलवर उघडून ठेवता येईल.

१. आधी भाग ओळखा

आपण सगळ्यालाच सायलेन्सर म्हणतो. पण इंजिनाकडून मागे येताना मॅनिफोल्ड, टर्बो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बीएस-६ डिझेल असेल तर बहुतेक वेळा डीपीएफ, मग सायलेन्सरचा डबा आणि शेवटी टेल पाइप अशी रांग असते. मधे कुठेतरी एक फ्लेक्झिबल पाइप असतो.

या रांगेचे दोन भाग करा. पुढचा भाग धूर स्वच्छ करतो, तिथे सेन्सर असतात आणि तो महाग असतो. मागचा भाग आवाज कमी करून धूर बाहेर सोडतो. आजचा धडा एका ओळीत सांगायचा तर: मागचा भाग बदलायचा, पुढचा जपायचा.

२. सायलेन्सर सडतो का?

एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. गाडी लांब पळाली की ते वाफ होऊन निघून जातं. पण आपल्या फेऱ्या कशा असतात? गोडाऊन ते साइट, चार किलोमीटर, गाडी बंद. डबा नीट तापतच नाही, पाणी आत राहतं आणि पत्रा आतून खातं. काही डब्यांना खाली बारीक भोक असतं, ते पाणी निघायलाच दिलेलं असतं. गळतंय म्हणून त्यावर वेल्डिंग मारू नका. कोकणपट्टीत खारी हवा बाहेरूनही पत्रा खाते, त्यामुळे तिथे तपासणी लवकर लवकर करा.

३. दहा मिनिटांची तपासणी

सकाळी इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत:

- जोडांवर काळी काजळी दिसली तर तिथून धूर फुटतोय.
- गाडी सुरू करून जोडांवर साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडे आले की गळती सापडली.
- रबरी हँगर ओढून बघा. एक तुटला की सगळं वजन जोडावर येतं आणि पुढचा पाइप तडकतो.
- ड्रायव्हरला विचारा: केबिनमध्ये वास येतो का? डोकं दुखतं का? गळती पुढच्या बाजूला असेल तर धूर केबिनमध्ये शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. असं असेल तर गाडी त्याच दिवशी उभी करा.

४. अपग्रेड म्हणजे नेमकं काय?

धंद्याच्या गाडीला अपग्रेड म्हणजे मोठा आवाज नव्हे, जास्त टिकणारा पत्रा. साधा लोखंडी पत्रा सगळ्यात स्वस्त, ॲल्युमिनियमचा थर दिलेला त्यापेक्षा बरा, स्टेनलेस सगळ्यात टिकाऊ. स्टेनलेसमध्ये ४०९ ग्रेडवर वरवर गंज दिसतो पण तो टिकतो, ३०४ महाग.

आता हिशोब. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुम्ही तुमचे टाका. गाडीचा एक दिवसाचा खाडा २,५०० रुपयांना पडतो आणि मजुरी ८०० आहे असं समजा.

- साधा डबा: ४,००० + ८०० + २,५०० = ७,३००. दोन वर्षं टिकला, तर महिन्याला साधारण ३०४ रुपये.
- स्टेनलेस: ९,००० + ८०० + २,५०० = १२,३००. पाच वर्षं टिकला, तर महिन्याला २०५ रुपये.

पण दोन वर्षांत गाडी विकणार असाल, तर तोच स्टेनलेस महिन्याला ५१२ ला पडतो. तिथे साधाच घ्या. म्हणजे किंमत विचारण्याआधी ‘ही गाडी मी किती वर्षं ठेवणार?’ हा प्रश्न स्वतःला विचारा.

५. ‘आतली जाळी काढून टाकू का?’

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. कोणीतरी सांगतं, डीपीएफ रिकामा कर, पिकअप वाढेल, ॲव्हरेज वाढेल. उत्तर: नाही.

बीएस-६ गाडीचा कॉम्प्युटर डीपीएफच्या आधीचा आणि नंतरचा दाब बघत असतो. फरक दिसला नाही की डॅशबोर्डवर लाइट लागतो आणि बऱ्याच गाड्या ताकदच कमी करतात. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. कलम १९०(२) मध्ये प्रदूषण आणि आवाजासाठी पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स रद्द. हे गाडी चालवणाऱ्यालाही लागतं आणि चालवायला लावणाऱ्यालाही. तुमच्या निर्णयापायी ड्रायव्हरची रोजीरोटी जाऊ शकते, हे लक्षात ठेवा.

डीपीएफ वारंवार तुंबत असेल तर आठवड्यातून एकदा लांबची फेरी एका दमात होऊ द्या, म्हणजे आतली काजळी जळून जाईल. इंजिन ऑइल मॅन्युअलमध्ये दिलंय त्याच ग्रेडचं वापरा.

६. फिटिंगच्या वेळी उभं राहून बघा

- गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा.
- गॅस्केट आणि क्लॅम्प नवेच. जुनं गॅस्केट परत लावू देऊ नका.
- वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा, नाहीतर कॉम्प्युटर जाऊ शकतो.
- आधी सगळं सैल लावायचं, सरळ करायचं, मग इंजिनाकडून मागे आवळत यायचं.
- पाइप चासी, ब्रेक पाइप आणि वायरिंगपासून मोकळा हवा.
- शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळा.
- बिलावर पत्र्याचा प्रकार आणि वॉरंटी लिहून घ्या.

गृहपाठ: आज रात्री गल्ला मोजून झाला की एका कागदावर तुमच्या गाडीचा एका दिवसाचा खाडा किती रुपयांचा, तो आकडा काढा. पर्यायी टेम्पोचं भाडं, ड्रायव्हरचा पगार आणि न पोचलेला माल, तिन्ही धरा. हाच आकडा पुढे क्लच आणि बॅटरीच्या हिशोबातही लागणार आहे.