सुट्टे नाहीत? मग टोकन घ्या, पण विचारून!



सुट्टे नसले की दुकानदार हातात चॉकलेट ठेवतो, नाहीतर "पुढच्या वेळी वळते करू" म्हणतो. दोन रुपयांसाठी काय बोलायचं, म्हणून आपण गप्प बसतो. पण चिल्लर कमी पडली की झळ आधी गरिबाला लागते. त्याची खरेदी लहान, मजुरीही लहान. ब्रिटनमध्ये सव्वादोनशे वर्षांपूर्वी हेच घडलं. आजच्या पाठात ते समजून घेऊ.

तेव्हा तिकडे गिरण्या, खाणी वाढत होत्या. कामगारांचा पगार करायला तांब्याची नाणी पुरत नव्हती. १७७५ नंतर सरकारी टांकसाळीने ती पाडणं जवळपास थांबवलं होतं. बाजारात खोटी नाणी फिरत होती. शेवटी १७८७ मध्ये वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या तांब्याच्या खाण कंपनीने स्वतःचीच टोकनं काढली. त्यांवर लिहिलं होतं, की हे आणून देणाऱ्याला आम्ही एक पेनी देऊ. पैसे कुठे मिळतील, तेही कडेवर कोरलं होतं: लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी. लोकांनी ती विश्वासाने घेतली.

ते पाहून इतर व्यापाऱ्यांनीही टोकनं काढली. पण काही वजनाला हलकी होती, तर काहींवर देणाऱ्याचं नावच नव्हतं. असं टोकन ज्याच्या हातात शेवटी राहिलं, त्याचं नुकसान झालं. पुढे १८१७ मध्ये कायद्याने खाजगी टोकनं बंद झाली.

याहून वाईट प्रकार मजुरीचा. काही मालक मजुरीच्या बदल्यात चिठ्ठी किंवा टोकन देत. ते चालायचं फक्त मालकाच्या दुकानात, आणि तिथला माल महाग! घाम गाळून मिळवलेला पैसा फिरून मालकाकडेच जायचा. म्हणून १८३१ मध्ये कायदा झाला, की अनेक उद्योगांत मजुरी चलनी नाण्यांतच द्यायची.

मैत्रिणींनो, यातून काय शिकायचं? टोकन म्हणजे पैसा नव्हे, तो कुणीतरी दिलेला शब्द आहे. म्हणून पैशाऐवजी चिठ्ठी किंवा कूपन घेताना तीन गोष्टी विचारा:

१. हे कुणी दिलं? नाव, सही, शिक्का आहे का?
२. याचे रोख पैसे कुठे आणि कधीपर्यंत मिळतील?
३. हे एकाच दुकानात चालतं का? तिथला भाव बाजारापेक्षा जास्त तर नाही?

आपल्या देशात पैसा म्हणून चालवायला खाजगी नाणी काढता येत नाहीत. मजुरीही रोख, चेकने किंवा बँक खात्यातच मिळायला हवी. मजुरीऐवजी कुणी चिठ्ठी देत असेल, तर एकटीने भांडू नका. गटात विषय मांडा.

आपला गट मेळाव्यात जेवणाची कूपनं काढतो, तेव्हा हेच नियम आपल्यालाही लागू. कूपनांवर क्रमांक टाका, किती दिली ते वहीत लिहा आणि उरलेल्या कूपनांचे पैसे त्याच दिवशी परत करा.

बैठकीत चर्चा करा: आपल्या गावात पैशाऐवजी काय काय दिलं जातं? महिन्याला त्यात किती रुपये अडकतात? प्रत्येकीने आपला आकडा सांगा आणि बेरीज करा. दोन-दोन रुपयांचा हिशोब तेव्हाच डोळ्यांपुढे येईल.